बो जूयी : एका उपासक कवीच्या कीर्तीची बाराशे वर्षे

चीनच्या इतिहासात थांग राजवंशाचा काळ (इ. स. ६१८ ते ९०७) हा काव्याचा आणि बौद्ध धम्माचा असा दुहेरी बहराचा काळ मानला जातो. या काळातील ज्या मोजक्या कवींची नावे चीनबाहेर पोहोचली, त्यांत बो जूयी (इ. स. ७७२ ते ८४६) याचे नाव अग्रभागी आहे. उच्चारभेदाने त्याला बाइ जूयी असेही म्हणतात. सोप्या भाषेचा कवी, गरिबांची दुःखे मांडणारा राज्याधिकारी आणि उत्तरायुष्यात स्वतःला 'शियांगशानचा उपासक' म्हणवून घेणारा बौद्ध गृहस्थ, अशी त्याची तिहेरी ओळख आहे. परंतु या तिन्ही ओळखी एकाच वेळी क्वचितच मान्य झाल्या. प्रत्येक युगाने यांतील एक उचलली आणि उरलेल्या दोन बाजूला सारल्या. हे कसे व का घडले, याचा विचार आम्ही प्रस्तुत लेखात करणार आहोत. एका कवीच्या कीर्तीचा हा चढउतार पाहताना मूळ प्रश्न असा उभा राहतो की, साहित्याचे मोजमाप कोणाच्या मापाने करावयाचे?

अधिकारपद आणि प्रबोधनकाव्य

बो जूयीचा जन्म सामान्य दर्जाच्या अधिकाऱ्याच्या कुटुंबात झाला. इ. स. ८०० मध्ये तो राज्यसेवेची सर्वोच्च परीक्षा उत्तीर्ण झाला आणि इ. स. ८०८ मध्ये त्याची दरबारात अशा पदावर नेमणूक झाली की, सम्राटाच्या धोरणातील उणिवा दाखवून देणे हेच त्या पदाचे कर्तव्य होते. निवेदनात जे स्पष्टपणे लिहिता येत नाही ते काव्यातून सांगावे, असे त्याने ठरविले. त्यातून 'नवी युएफू' या नावाने ओळखली जाणारी ५० गीते आणि 'छिन प्रदेशाची गीते' ही १० कवितांची माला निर्माण झाली. यातील काही कवितांचा आशय येथे सांगणे आवश्यक आहे. कारण पुढील बाराशे वर्षांचा वाद याच कवितांच्या मूल्याविषयी आहे.

डोंगरात कोळसा पाडणारा एक वृद्ध आहे. अंगावर पुरेसे वस्त्र नसतानाही थंडी वाढावी अशी इच्छा तो करतो, कारण थंडी वाढली तरच कोळशाला भाव येईल. राजवाड्यासाठी 'खरेदी' करणारे दरबारी सेवक त्याची गाडीभर कोळशाची कमाई घेऊन जातात आणि मोबदला म्हणून रेशमाचे काही तुकडे बैलाच्या डोक्याला बांधून देतात. दुसऱ्या कवितेत दूरच्या दक्षिणेतील युद्धावर पाठवले जाऊ नये म्हणून तारुण्यात स्वतःचा हात दगडाने मोडून घेतलेला म्हातारा भेटतो. त्याच्याबरोबरचे गेले ते परतले नाहीत. मोडक्या हाताने तो मात्र जगला. तिसऱ्या कवितेत राजधानीच्या फुलबाजारात श्रीमंत लोक पिओनीची फुले खरेदी करीत असतात. खेड्यातून आलेला एक शेतकरी ते पाहून उसासा टाकतो, कारण गडद रंगाच्या एका गुच्छाची किंमत दहा मध्यम कुटुंबांच्या करभरण्याइतकी आहे.

या कवितांनी दरबारात शत्रू निर्माण झाले. इ. स. ८१५ मध्ये महामंत्री वू युआनहंग याची राजधानीत भर रस्त्यावर हत्या झाली. मारेकऱ्यांना तत्काळ पकडावे, असे निवेदन प्रथम बो जूयीने सादर केले. अधिकाराची मर्यादा ओलांडली, असा ठपका ठेवून त्याला यांगत्से नदीकाठच्या जिआंगचौ येथे दुय्यम पदावर पाठविण्यात आले. त्याची आई फुले पाहताना विहिरीत पडून मरण पावली असूनही त्याने फुलांवर व विहिरीवर कविता केल्या, असाही एक आरोप त्या वेळी पुढे करण्यात आला. कवितेच्या आशयाशी लढता येत नाही तेव्हा कवीच्या शीलावर घाव घातला जातो, याचे हे जुने उदाहरण होय.

कवीची स्वतःची वर्गवारी

त्याच वर्षी जिआंगचौहून त्याने आपला मित्र व सहकवी युआन झेन यास एक दीर्घ पत्र लिहिले. चिनी साहित्यविचारात या पत्राला फार मोठे स्थान आहे. आपल्या सुमारे ८०० कवितांचे त्याने त्यात चार वर्ग केले आहेत: प्रबोधनपर उपरोधाच्या, निवांत जीवनाच्या, दुःखभावनेच्या आणि संकीर्ण छंदोबद्ध. पहिल्या वर्गात राज्य व समाज सुधारण्याची इच्छा आहे. दुसऱ्या वर्गात स्वतःचे चित्त शांत ठेवण्याची साधना आहे. या दोन वर्गांनाच आपण महत्त्व देतो, असे त्याने स्पष्ट केले. लोकांच्या तोंडी मात्र उरलेल्या दोन वर्गांतील कविता होत्या. विशेषतः सम्राट श्युआनझोंग आणि त्याची प्रिया यांग यांच्या शोकांतिकेवरील 'चिरवेदनेचे गीत'. हे गीत आपणास पाठ आहे, या एवढ्याच बळावर एका गायिकेने आपला मोबदला वाढवून मागितल्याचा प्रसंग त्याने पत्रात नोंदविला आहे. जगाला जे प्रिय तेच आपल्याला कमी मोलाचे वाटते, अशी खंत त्यात आहे.

येथे आम्ही वाचकांचे लक्ष एका गोष्टीकडे वेधू इच्छितो. बो जूयी हा उपेक्षित कवी नव्हता. त्याच पत्रावरून कळते की, राजधानी चांगआनपासून जिआंगचौपर्यंतच्या हजारो ली अंतरावर शाळा, विहार, धर्मशाळा आणि नावा यांच्या भिंतींवर त्याच्या कविता लिहिलेल्या होत्या आणि भिक्खू, विधवा, कुमारिका अशा सर्व थरांतील लोक त्या म्हणत होते. इ. स. ८२४ मध्ये युआन झेनने लिहिलेल्या प्रस्तावनेनुसार त्याच्या कवितांच्या नकला बाजारात विकल्या जात, किंवा त्यांच्या बदल्यात मद्य व चहा मिळे. त्याची कीर्ती अफाट होती. परंतु ज्यासाठी त्याने शत्रुत्व पत्करले होते त्यासाठी ती नव्हती.

'लौकिक' हा दोष कसा झाला?

या लोकप्रियतेतूनच पहिला आक्षेप जन्मला. कवी दू मू याने ली कान नावाच्या विद्वानाचा समाधिलेख लिहिला. त्यात ली कानचे मत दिले आहे की, युआन आणि बो यांची काव्ये भिंतींवर लिहिली जातात, आईबाप ती मुलामुलींना शिकवतात, आणि हा बिघाड लोकांच्या हाडामांसात शिरला आहे. थांग राजवंशाच्या अखेरीस समीक्षक सिकोंग तू याने या दोघांना शहरातील बडा व्यापारी म्हणून हिणवले. बळ आहे, पण अभिजात प्राण नाही, असा त्याचा अभिप्राय. त्याच काळात झांग वेइ या दुसऱ्या लेखकाने मात्र कवींच्या श्रेणी लावताना विशाल लोकशिक्षणाचा अधिपती म्हणून बो जूयीला एका पंथाच्या शिरोभागी बसविले. म्हणजे लोकांपर्यंत पोहोचणे हा एकाच्या लेखी गुण होता आणि दुसऱ्याच्या लेखी दोष.

सोंग काळातील श्रेष्ठ कवी सु शी याने युआन हा हलका आणि बो हा 'सु' आहे, असा शेरा मारला आणि पुढे तो शेरा समीक्षेत रूढ झाला. गमतीचा भाग असा की, हाच सु शी बो जूयीचा मोठा चाहता होता. 'दोंगपो' म्हणजे पूर्वेकडील उतार, हे जे उपनाम त्याने घेतले, ते बो जूयीने पूर्वी झोंगचौ येथे झाडे लावलेल्या जागेची आठवण देणारे आहे. 'सु' या चिनी शब्दाचा अर्थ लोकरूढ, सामान्य, ग्राम्य असा आहे. परंतु चिनी बौद्ध परिभाषेत हाच शब्द भिक्खूहून वेगळा असा जो गृहस्थ, त्याच्यासाठीही वापरला जातो. बो जूयी दोन्ही अर्थांनी 'सु' होता: भाषेने लोकांचा आणि जीवनाने गृहस्थ उपासक. त्याच्यावरील दोषारोपाचा शब्द त्याच्या जीवननिष्ठेचेही वर्णन करतो, हे लक्षणीय आहे.

याच काळात एक आख्यायिका प्रसिद्ध झाली. बो जूयी प्रत्येक कविता एका निरक्षर वृद्धेला वाचून दाखवी; तिला समजली तर ठेवी, न समजली तर बदली. आज ही कथा कवीच्या लोकाभिमुखतेचा पुरावा म्हणून सांगितली जाते. प्रत्यक्षात सोंग काळातील भिक्खू हुइहोंग याने ती नोंदविली तेव्हा तिचा सूर वेगळा होता. अशा रीतीमुळेच थांगच्या अखेरचे काव्य गावंढळपणाकडे झुकले, असा निष्कर्ष त्याने तीतून काढला. कथा तीच; मोजणारा बदलला की तिचा अर्थ बदलतो. शिवाय ती शब्दशः खरी मानण्याचे कारण नाही. सोंग काळातीलच झांग लेइ याने लुओयांग येथील एका घरी बो जूयीच्या हस्तलिखिताचे काही कागद पाहिले होते. ते खाडाखोडीने इतके भरलेले होते की, अंतिम कविता मूळ खर्ड्याहून जवळजवळ वेगळीच झाली होती. सोपेपणा हा त्याच्या कष्टाचा परिणाम होता.

लोकांना समजेल अशा भाषेचा हा प्रश्न बौद्ध परंपरेला नवा नाही. विनयपिटकाच्या चुल्लवग्गात ब्राह्मण कुळात जन्मलेल्या दोन भिक्खूंची कथा आहे. निरनिराळ्या कुळांतील व प्रदेशांतील भिक्खू आपापल्या बोलीत बुद्धवचन बिघडवतात, म्हणून ते छंदस् भाषेत बांधावे, अशी विनंती त्यांनी केली. तथागतांनी ती नाकारली आणि बुद्धवचन ज्याने त्याने आपापल्या बोलीत शिकावे, अशी अनुज्ञा दिली. आशय पोहोचावा की भाषेची प्रतिष्ठा राहावी, हा तो प्रश्न होता आणि धम्माने त्याचे उत्तर आशयाच्या बाजूने दिले होते.

विहारांतील ग्रंथालये

बो जूयीची धम्माकडील ओढ उतारवयात अचानक उपजलेली नव्हती. चांगआनमध्ये आणि लुशान पर्वतावर त्याने ध्यानपंथाच्या आचार्यांचे मार्गदर्शन घेतले होते. तो हांगचौचा प्रशासक (इ. स. ८२२ ते ८२४) असतानाची एक कथा इ. स. १००४ च्या सुमारास संकलित झालेल्या ध्यानपंथीय ग्रंथात येते. झाडावर वस्ती करणाऱ्या दाओलिन या भिक्खूला त्याने धम्माचे सार विचारले. भिक्खूने धम्मपदाच्या बुद्धवग्गातील सुपरिचित गाथेचा आशय सांगितला: पाप न करणे, कुशल कर्म करणे. हे तर तीन वर्षांचे मूलही जाणते, असे कवी म्हणाला. त्यावर, ऐंशी वर्षांच्या वृद्धालाही ते आचरता येत नाही, असे उत्तर मिळाले. ही ऐतिहासिक घटना नसून आख्यायिका असावी. पण सोप्या वचनाचे अवघड आचरण हा तिचा विषय या कवीला साजेसा आहे.

त्याचे आचरण कसे होते, याच्या काही निश्चित नोंदी आहेत. इ. स. ८३१ मध्ये युआन झेनचा मृत्यू झाला. त्याच्या समाधिलेखासाठी कुटुंबाने दिलेली लाखो नाण्यांची रक्कम बो जूयीने लुओयांगजवळील शियांगशान विहाराच्या जीर्णोद्धाराला दिली. इ. स. ८४४ मध्ये, वयाच्या सत्तरीनंतर, त्याने लुंगमेन येथील नदीपात्रातील धोकादायक खडक फोडण्यासाठी पैसा दिला. कडाक्याच्या थंडीत पाण्यात उतरून नावा ओढणाऱ्या नावाड्यांचे हाल थांबावेत, हा त्यामागील हेतू होता.

आपल्या लेखनाच्या जतनासाठी त्याने जे केले ते जागतिक साहित्यात विरळ होय. इ. स. ८३५ पासून त्याने आपल्या समग्र लेखनाच्या प्रती विहारांच्या ग्रंथसंग्रहांत ठेवण्यास आरंभ केला. इ. स. ८४५ मधील त्याच्या नोंदीप्रमाणे ३,८४० रचनांच्या ७५ गुंडाळ्यांच्या पाच प्रती होत्या: लुशानच्या दोंगलिन विहारात, सुचौच्या नानछान विहारात आणि लुओयांगच्या शंगशान विहारात प्रत्येकी एक, एक पुतण्याकडे आणि एक मुलीच्या मुलाकडे. जपान, शिला (कोरिया) आणि दोन्ही राजधान्यांतील खासगी प्रती त्याने यात धरल्या नव्हत्या.

सूत्रग्रंथांच्या शेजारी प्रेमगीते का ठेवावीत? या प्रश्नाचे उत्तर त्याने इ. स. ८४० मध्ये शियांगशान विहाराला संग्रह अर्पण करताना दिले. आपल्या लौकिक लेखनातील स्वैर व नटवे शब्द हा दोष आहे, तो दोषच भविष्यात बुद्धशासनाच्या स्तुतीचे कारण व्हावा, असा त्याचा संकल्प होता. 'नटवे शब्द' यासाठी त्याने जो चिनी शब्द योजला, तो आपल्या परिचयाच्या 'सम्फप्पलाप' या वाचिक अकुशल कर्माचा रूढ चिनी अनुवाद आहे. म्हणजे सम्यक वाचेच्या कसोटीवर त्याने स्वतःचे सारे साहित्य तपासले होते.

इ. स. ८४५ मध्येच सम्राट वूझोंगच्या आज्ञेने चीनमध्ये धम्मावर मोठा आघात झाला. राजकीय नोंदीनुसार ४,६०० विहार नष्ट करण्यात आले आणि २,६०,५०० भिक्खू-भिक्खुणींना चीवर सोडावे लागले. त्याच्या आदल्या वर्षी, म्हणजे इ. स. ८४४ मध्ये, एगाकु या जपानी भिक्खूने सुचौच्या नानछान विहारातील प्रतीवरून नक्कल करून घेतली होती. त्या परंपरेतील काही गुंडाळ्या जपानमध्ये टिकल्या आणि आजच्या पाठसंशोधनाला त्या आधारभूत ठरल्या आहेत.

जपानमधील दुसरे जीवन

जपानमध्ये बो जूयीला जे स्थान मिळाले ते कोणत्याही अन्य चिनी कवीला मिळाले नाही. इ. स. १०१८ च्या सुमारास फुजिवारा नो किंतो याने गायनयोग्य चिनी व जपानी पद्यांचा 'वाकान रोएइशू' हा संग्रह सिद्ध केला. त्यातील चिनी कवींच्या दोनशेहून अधिक उताऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक एकट्या बो जूयीचे आहेत. 'गेंजीची कथा' लिहिणाऱ्या मुरासाकी शिकिबू हिने आपल्या दैनंदिनीत नोंदविले आहे की, ती सम्राज्ञी शोशी हिला गुपचूप 'नवी युएफू' शिकवीत होती. चिनी अध्ययन स्त्रियांना शोभत नाही असे मानणाऱ्या दरबारात दोन स्त्रिया पडद्याआड बसून करांनी पिचलेल्या शेतकऱ्यांच्या कविता वाचत होत्या, हे चित्र विचार करण्याजोगे आहे.

इ. स. ९६४ मध्ये क्योतो येथे विद्यार्थी व तेंदाई पंथाचे भिक्खू यांचे एक मंडळ स्थापन झाले. सद्धर्मपुंडरीक सूत्राच्या पठणाबरोबर तेथे बो जूयीच्या वचनांचेही पठण होई. दोषाचे कुशल कारणात रूपांतर करण्याचा त्याचा संकल्प जपानी बौद्ध लेखकांना साहित्यनिर्मितीचे समर्थन म्हणून उपयोगी पडला. पुढे त्याची कीर्ती इतकी भारी झाली की, 'हाकुराकुतेन' या नो नाटकात जपानची बुद्धी अजमावण्यास आलेल्या या कवीची नाव जपानी देवता वाऱ्याने परत पाठवितात, असे दाखवावे लागले.

संग्रहांची सत्ता

चीनमध्ये मिंग काळात वारे फिरले. काव्य लिहावे तर ऐन बहरातील थांग कवींसारखे, असा आग्रह धरणाऱ्या पंडितांचे वर्चस्व निर्माण झाले. ली पानलोंग याच्या नावावर असलेल्या थांग काव्याच्या प्रसिद्ध संग्रहात बो जूयीची एकही कविता नाही. तो संग्रह इ. स. १७२४ मध्ये जपानमध्ये छापला गेला आणि तेथेही त्याचा मोठा प्रसार झाला. सोळाव्या शतकाच्या अखेरीस युआन झोंगदाओ याने आपल्या अभ्यासिकेला बो आणि सु या दोन कवींचे नाव देऊन या मताला उघड विरोध केला. इ. स. १७५० च्या राजाश्रयी संग्रहात थांग व सोंग काळातील केवळ सहा कवी निवडले गेले आणि त्यांत बो जूयी होता.

परंतु सर्वाधिक परिणाम झाला तो इ. स. १७६३ च्या सुमारास सुन झू याने संपादित केलेल्या 'थांग काळच्या तीनशे कविता' या पुस्तकाचा. चिनी मुले पिढ्यान्‌पिढ्या याच पुस्तकातून काव्य शिकली. त्यात बो जूयीच्या सहा कविता आहेत; 'चिरवेदनेचे गीत' आहे, 'पिपावादिनीचे गीत' आहे, परंतु कोळसेवाला नाही, हात मोडलेला म्हातारा नाही, 'नवी युएफू'तील एकही गीत नाही. कोणाला दूषण न देता केवळ निवडीने एखाद्या कवीचा अर्धा आवाज कसा बंद होतो, याचे यापेक्षा स्पष्ट उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

विसाव्या शतकातील पुनर्मूल्यांकन

चीनमध्ये बोलभाषेत लेखन व्हावे यासाठी इ. स. १९१७ पासून चळवळ करणाऱ्या हू शी याने इ. स. १९२८ च्या आपल्या बोलभाषा-साहित्याच्या इतिहासात बो जूयीला मानाचे स्थान दिले आणि युआन झेनला लिहिलेले पत्र म्हणजे जीवनासाठी साहित्य या विचाराचा जाहीरनामा ठरविला. हजार वर्षे दोष ठरलेली 'सु' भाषा आता गुण ठरली. इंग्लंडमध्ये आर्थर वेली याने त्याच्या कवितांचे अनुवाद केले आणि इ. स. १९४९ मध्ये त्याचे सविस्तर चरित्र प्रसिद्ध केले. हिटलरच्या जर्मनीतून परागंदा झालेला नाटककार बर्टोल्ट ब्रेख्त याने इ. स. १९३८ मध्ये वेलीच्या आधारे यांतील काही कविता जर्मन भाषेत आणल्या.

इ. स. १९४९ नंतरच्या चीनमध्ये तो जनतेचा वास्तववादी कवी म्हणून गौरविला गेला. परंतु त्या गौरवातही कात्री होतीच. प्रबोधनकाव्याची स्तुती झाली आणि उत्तरायुष्यातील बौद्ध कविता पलायनवादी व निष्क्रिय म्हणून मागे टाकल्या गेल्या. पूर्वीच्या संपादकाने शेतकरी वगळला होता, नव्या समीक्षकाने उपासक वगळला. इ. स. १९८८ मध्ये झू जिनचंग आणि इ. स. २००६ मध्ये श्ये सिवेइ यांनी काढलेल्या सटीप आवृत्त्यांमुळे तुकड्यांऐवजी समग्र कवी वाचण्याची सोय झाली.

आमचे मत

बो जूयीला निर्दोष ठरविण्याची आम्हांस गरज वाटत नाही. तो गरिबांविषयी लिहीत होता, गरिबांमधून नव्हे. त्याची सहानुभूती खरी असली तरी ती स्वानुभवाची जागा घेऊ शकत नाही. हद्दपारीनंतर त्याच्या प्रबोधनकाव्याची धार ओसरली. लुओयांगमधील घरात तो सुखाने राहिला आणि त्याच्या घरी गायिका सेविका होत्या, हेही विसरून चालणार नाही. तथापि या विसंगतीची जाणीव त्याला स्वतःला होती. गव्हाच्या कापणीवरील एका कवितेत शेतात सांडलेल्या लोंब्या वेचणारी, कडेवर मूल घेतलेली स्त्री पाहून तो स्वतःलाच विचारतो की, न नांगरता, न पेरता आपणास हे वेतन कोणत्या पुण्याईने मिळते?

असा प्रश्न स्वतःला विचारणारा अधिकारी आणि पुढे नावाड्यांसाठी नदीतील खडक फोडणारा वृद्ध उपासक यांच्यात आम्हांस तुटकपणा दिसत नाही. पहिल्यात करुणा शब्दरूप आहे, दुसऱ्यात ती कृतिरूप झाली आहे. सामाजिक काव्य आणि धम्माचरण ही दोन वेगळी दालने आहेत, असे ज्यांनी मानले, त्यांनाच या कवीचे दोन तुकडे करावे लागले.

वगळणे आणि निवडणे हे अधिकार ज्यांच्या हाती असतात, तेच पुढच्या पिढ्यांची स्मृती घडवितात. बो जूयीने हे ओळखले होते, म्हणूनच त्याने निवड कोणाच्या हाती सोपविली नाही. प्रेमगीते, उपरोध आणि ध्यान असे सारे लेखन त्याने विहारांच्या स्वाधीन केले. तेथील मूळ प्रती काळाच्या ओघात टिकल्या नाहीत, पण एका भिक्खूने करून घेतलेली नक्कल समुद्रापार उपयोगी पडली. ज्या समाजांचे शब्द वारंवार वगळले गेले आहेत, त्यांनी यातून घ्यावयाचा बोध उघड आहे. आपले लेखन जपावे, समग्र जपावे, आणि त्याचे माप इतरांनी ठरविण्याची वाट पाहू नये.